हात लावायचा नाही

पेनिमन पॉइंट, मॅसॅच्युसेट्स
३ ऑक्टोबर १९६५

प्रिय पिप,

तुझा फोटो मला दातांच्या डॉक्टरकडे सापडला. दाढ ठणकत होती, आत कुणीतरी विव्हळत होतं, म्हणून मन रमवायला समोरचं मासिक उघडलं, तर अख्ख्या पानभर तू. केस मुलग्यांसारखे बारीक कापलेले. डोळ्यांभोवती काजळाची अख्खी डबी रिकामी केलेली. अंगात नाचणाऱ्या पोरी घालतात तसला घट्ट काळा पोशाख आणि त्याच्यावर, देवा, माझ्या आईचे सुतकातले मणी! खाली लिहिलं होतं की हा या मोसमातला सगळ्यात धाडसी दागिना असून न्यूयॉर्कातल्या मुली तसे मणी मिळवायला जुना बाजार पालथा घालताहेत. आईने ते मणी बाबांच्या मागे मरेपर्यंत घातले. तिला कुणी धाडसी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी ते पान फाडून पर्समध्ये टाकलं. उभ्या जन्मात केलेली माझी ही पहिली चोरी. डॉक्टरांकडच्या बाईंनी पाहिलं, पण आमच्या गावात असं पाहिलेलं कुणी बोलून दाखवत नाही.

इस्पितळातून सुटल्यावर तू तडक न्यूयॉर्क गाठलंस, तेव्हापासून तुझ्या वडिलांसमोर तुझं नाव निघत नाही. कुणी मनाई केलेली नाही. नुसतं निघत नाही. तुला वेड्यांच्या त्या इस्पितळात ठेवलं ते तुझ्या भल्यासाठीच, असं विन्थ्रॉप म्हणतो. माझा भाऊ आहे, त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण मी बोलले नाही. आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

फोटोखाली तुला 'केसलरची राणी' म्हटलंय. हा केसलर कोण? लग्न केलंस का? केलं असलंस तर रागावणार नाही, पण कळव, म्हणजे चांदीचे चमचे पाठवता येतील. नसलं केलंस तर चमचे माझ्याकडेच बरे. आणि खातेस काय? फोटोत तुझ्या गळ्याची हाडं दिसताहेत.

इकडे विशेष काही नाही. समुद्र आहे आणि मी आहे. संध्याकाळी जेवताना रेडिओ लावते, म्हणजे समोर कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

तुझा पत्ता मासिकवाल्यांकडून मागवला. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपण त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "आत्या," आणि मला फार बरं वाटलं.

तुझी,
गसी आत्या

*

न्यूयॉर्क
१२ ऑक्टोबर १९६५

माझी चोरटी आत्या,

पत्र वाचून इतकी हसले की शेजारचा टॉबी बघायला आला. त्याला वाटलं, मी रडतेय. हसते आणि रडते तेव्हा मी सारखीच दिसते म्हणे.

चमचे राहू देत. केसलरशी लग्न म्हणजे खांबाशी लग्न. गंमत म्हणजे तो ओहायोतल्या एका दातांच्या डॉक्टरचाच मुलगा आहे. कुणाला शिवायला त्याला आवडत नाही. हात मिळवायची वेळ आली की खिशात घालतो. पण माझ्याकडे बघतो, आत्या. कसं सांगू तुला? आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं बसले, कुणी मान वर करून पाहिलं नाही. हा पहिल्याच दिवशी कॅमेरा लावून म्हणाला, "तू फक्त अस." मी नुसती होते. सिगारेट ओढली, कानातलं काढलं, परत घातलं. तो सिनेमा लोकांनी डोळ्यांची पापणी न हलवता पाहिला.

आम्ही सगळे एका जुन्या बटणांच्या कारखान्यात असतो. फळ्यांच्या फटींतून अजून बटणं निघतात. केसलरचा एकच नियम आहे: इथे काहीही झालं तरी कुणी हात लावायचा नाही. जे घडेल तेच काम. मदत केलीस की ते खोटं झालं. मागच्या महिन्यात टॉबी शिडीवरून पडला. पडला तो पडलाच. आम्ही सगळे उभे, कॅमेरा चालू, कुणी हललं नाही. रीळ संपल्यावर केसलर म्हणाला, "छान." त्यावर कुठल्याशा प्राध्यापकांनी मोठा लेख लिहिला. टॉबीचा हात मोडला होता. पण तोही खूश होता, हात गळ्यात बांधून पार्ट्यांमध्ये मिरवत होता. तू हसशील, पण आम्ही हे सगळं फार गंभीरपणे करतो.

खाण्याचं म्हणशील तर इथे एक डॉक्टर आहेत, सगळी बडी मंडळी त्यांच्याकडे जातात. ते जीवनसत्त्वांची सुई देतात. सुई घेतली की भूकच लागत नाही आणि दोन-दोन दिवस झोपावंसं वाटत नाही. केवढा वेळ वाचतो!

रोज रात्री कुठेतरी पार्टी असते. मी दारातून आत शिरले की आवाज बंद होतो आणि सगळे वळून बघतात. मग मी दमून घरी येते. माझी खोली कारखान्यातच आहे, वरच्या मजल्यावर. तू कशी आहेस, असं मला कुणी विचारत नाही. तुझ्या पत्रात 'खातेस काय' हे वाक्य आलं ना, तिथे मी बराच वेळ थांबले होते.

आत्या, तिकडची माझी वरची खोली तशीच आहे का गं? नुसतं विचारतेय.

तुझी सुतकी भाची,
पिप

*

पेनिमन पॉइंट
२८ नोव्हेंबर १९६५

प्रिय पिप,

उत्तराला उशीर झाला. आधी थँक्सगिव्हिंगच्या सणाची तयारी होती आणि नंतर ते उरकल्याचा थकवा.

जीवनसत्त्वं घेतेस हे ऐकून जीव भांड्यात पडला. आमचे डॉक्टर कॉडलिव्हर तेलाच्या पुढे जात नाहीत. भूक मात्र मारू नकोस.

टॉबीची गोष्ट वाचली आणि मला वाटलं, या केसलरने आपल्याच घराण्यात जन्म घ्यायचा होता. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. थँक्सगिव्हिंगच्याच जेवणाला मेणबत्तीवर बाबांची बाही पेटली. सगळ्यांनी पाहिलं. आई म्हणाली, "एडवर्ड, तुमची बाही," आणि रस्सा पुढे सरकवला. बाबांनी पाण्याच्या पेल्यात हात बुडवला, "आभारी आहे," म्हणाले आणि टर्की कापायला घेतला. त्याविषयी नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. हाताला पट्टी बांधलेली बरेच दिवस दिसत होती. तुमच्याकडे त्याला काम म्हणतात, आमच्याकडे त्याला वळण म्हणत.

या वर्षी विन्थ्रॉप आला होता. टेबलावर आम्ही दोघंच. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "पिपचा फोटो पाहिला मी." तो म्हणाला, "टर्की चांगला भाजलाय." मग कोट घालताना दारात म्हणाला, "गसी, ती परत आली तर आधी इस्पितळ आणि मग घर. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय." मी म्हटलं, "बाहेर निसरडं आहे, जपून जा."

पिप, मला हे तुला कळवावंसं वाटत नव्हतं. पण तू 'नुसतं विचारतेय' असं लिहिलंस, आणि तू नुसतं काही विचारत नाहीस हे मला माहीत आहे. हे घर विन्थ्रॉपच्या नावावर आहे. मी इथे राहते ते त्याच्या मर्जीने. तुझ्या खोलीत सध्या सफरचंदं पसरून ठेवली आहेत, हिवाळ्यासाठी. वास छान येतो.

तुझं तिथे बरं चाललंय. लोक तुला ओळखतात, छापून आणतात. इथे तुला कोण बघणार? गलबतं आणि मी.

थोडं मांस खात जा.

तुझी,
गसी आत्या

*

न्यूयॉर्क
२ जानेवारी १९६६

आत्या,

नाताळ मजेत गेला. तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. ते घालूनच लिहितेय, कारण खालचा बॉयलर बंद पडलाय आणि तो बंद पडणं हेही काम आहे की नुसताच बंद पडलाय, यावर दोन दिवस वाद चालू आहे.

बातमी आहे. चौदा तारखेला केसलर माझा मोठा प्रयोग करतोय. सिनेमा नाही, प्रत्यक्ष. एका चर्चचं तळघर भाड्याने घेतलंय. तिथे पांढरी खोली उभारलीय, तीन भिंती, चौथी बाजू लोकांकडे उघडी. मध्ये एक खुर्ची. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची रेघ. मी रेघेच्या आत, लोक बाहेर. मला जे करावंसं वाटेल ते मी करायचं. लोकांना सुरुवातीलाच सांगणार: काहीही झालं तरी पट्टी ओलांडायची नाही. दिवा कधी विझवायचा ते केसलर ठरवणार. तोपर्यंत मीही बाहेर यायचं नाही.

मी विचारलं, "मी काय करू?" तो म्हणाला, "तू फक्त अस." पूर्वी हे ऐकून मला कसं छान वाटायचं. या वेळी नाही वाटलं. आत्या, मला आता नुसतं असायला जमत नाही. सुई घेतली नाही तर हात थरथरतात, घेतली तर छाती धडधडते. डॉक्टर म्हणतात, मात्रा वाढवू. ते जाऊ दे. तुझ्याकडे कॉडलिव्हरचं तेल असलं तर पाठव, केसलरला पाजते.

तू काही येऊ नकोस. खुर्च्या पत्र्याच्या आहेत, बाया अंगात पडदे घालून येतात आणि कुणीही कुणाशी धड बोलत नाही. तुझा जीव घुसमटेल.

आणि एक. मला सफरचंदांबरोबर झोपायला चालेल. मी कडेला झोपेन. वडिलांना कळू द्यायची गरज नाही. फक्त कुणीतरी मला न्यायला यायला हवं, एकटीने निघायला मला आता जमत नाही. दारापर्यंत जाते आणि परत येते. हे मी गमतीने लिहिलं नाहीये.

पिप

*

न्यूयॉर्क
१६ जानेवारी १९६६

आत्या,

तुझं काहीच उत्तर नाही. दोन तारखेचं पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि तू विचार करत असशील. कसंही असो, आज मी तुला खरं लिहिणार आहे. आजवर तुला गमतीजमती लिहिल्या, कारण तू एकटी जेवतेस आणि माझी पत्रं तुझ्या रेडिओसारखी असावीत असं मला वाटायचं.

चौदाला प्रयोग झाला. तळघर खचाखच भरलं होतं. दिव्याचा झोत एवढा की मला पहिल्या रांगेतले बूट सोडून काही दिसत नव्हतं. सुरुवातीला मी खुर्चीत बसले. आजीचे मणी मोजले. मग छातीत काहीतरी व्हायला लागलं. सकाळपासून दोन सुया झाल्या होत्या. हातापायांना मुंग्या आल्या, भिंती जवळ सरकल्या. मला वाटलं, मी आता मरणार, आणि हे सगळे बघत बसणार.

मी उठले आणि म्हटलं, "मला बरं वाटत नाहीये." कुणी हललं नाही. मी म्हटलं, "मी खरंच सांगतेय. कुणीतरी आत या." एक बाई हसली, कौतुकाने. मी पट्टीपाशी आले. आत्या, ती नुसती चिकटपट्टी होती, माझ्या बोटाएवढी रुंद. ओलांडली असती तर काय झालं असतं? पण मला ओलांडता आली नाही. गुडघे टेकले आणि रडायला लागले. मोठ्याने. आपल्या घरात कुणी कधी रडलं नसेल तशी. म्हणत होते, "मला घरी न्या. कुणीतरी मला घरी न्या."

तेव्हा टाळ्या सुरू झाल्या.

केसलरने दिवा विझवला. अंधारात टाळ्या चालूच. मग हळूहळू थांबल्या. एक माणूस मात्र थांबेना. सगळे गप्प झाले तरी मागून त्या एकाच्या टाळ्या येत होत्या, सावकाश, नेटाने. मी जमिनीवर पडून त्या ऐकत होते. या एवढ्या गर्दीतला हाच सगळ्यात निर्दय, असं मला वाटलं. बाकीच्यांना निदान घाई तरी होती.

टॉबीने आणि आणखी एकाने मला उचलून नेलं. दिवा विझल्यावर हात लावायला परवानगी असते. केसलर म्हणाला, "याहून चांगलं तू कधी करणार नाहीस." मला वाटतं, ते खरं आहे.

मला इथून ने, आत्या. इस्पितळात नाही. तुझ्याकडे. मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे लिहू शकत नाही, कारण दुसरं कुणी नाहीच.

पिप

*

पेनिमन पॉइंट
१६ जानेवारी १९६६

माझी गुणी पोर,

आता बस. बसलीस? मी आले होते!

तू 'येऊ नकोस' म्हणालीस, तेव्हाच ठरवलं. मला खुर्च्यांची भीती घालतेस काय! तुला आधी कळवलं असतं तर तू माझ्या काळजीत पडली असतीस, म्हणून उत्तरच पाठवलं नाही. चर्चच्या फुलांचं काम दुसऱ्या बाईंकडे सोपवलं, विन्थ्रॉपला सांगितलं की दाढ काढायला बॉस्टनला जातेय, आणि बसने सरळ न्यूयॉर्क. मागच्या रांगेत जागा मिळाली. माझ्या एका बाजूला पडदा पांघरलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला कानात सेफ्टीपिन अडकवलेला एक सद्गृहस्थ. मी हॅट काढली नाही. सद्गृहस्थ म्हणाला, "हॅट झकास आहे." तो चेष्टा करत नव्हता, बरं का.

मग तू आलीस. पिप, किती बारीक झालीस गं. पण काय काम केलंस! मला आधी काही कळेना. तू बसलीस, मणी मोजलेस, मी म्हटलं, यात काय एवढं? आणि मग तू उठलीस आणि बोललीस. 'मला घरी न्या' म्हणालीस तेव्हा माझ्या काळजात कळ उठली. तू सहा वर्षांची असताना शाळेच्या पायरीवर अगदी अशीच रडली होतीस. मी उठून उभीच राहिले. एक पाऊल पुढे टाकलं होतं. शेजारच्या मुलीने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "काकू, पट्टी!" आणि मी भानावर आले. सगळे बसलेले, मीच तेवढी उभी, हॅट घालून. मला वाटलं, आपण गावंढळ ठरलो तर ठरलो, पण आपल्यापायी पोरीची लाज जाईल. तिची आत्या कुठल्यातरी खेड्यातून आली आणि तिला नाटक कळलं नाही, असं लोक म्हणतील. खाली बसले.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी जीव खाऊन वाजवल्या. सगळे थांबले तरी मी थांबले नाही. अंधारात तुला मी दिसणार नव्हते, पण मला वाटलं, हिला कळायला हवं की इथे आपलं असं कुणीतरी आहे.

मागे येऊन भेटायचं फार मनात होतं. पण तू दमलेली असणार, भोवती मोठी मंडळी असणार, आणि मला कुणी बोलावलं नव्हतं. न बोलावता कुणाच्या खोलीत शिरणं मला जमत नाही. तळहात अजून लाल आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दोन तारखेच्या पत्रातलं सफरचंदांचं मी विसरले नाही. पण आता तुला तिथे असं पाहिल्यावर मला वाटतं, ते एका वाईट दिवशी लिहिलेलं असणार. असं काम सोडून कुणी इथे येतं का?

तुझा अतिशय अभिमान असलेली,
गसी आत्या

*

न्यूयॉर्क
१९ जानेवारी १९६६

लाडकी आत्या,

तुझं पत्र आत्ताच मिळालं. तू आली होतीस! हॅट घालून! मला आधी सांगायचं नाही का?

ऐक. माझं सोळा तारखेचं पत्र तुला पोचलं असेल. ते न वाचता जाळ. वाचलं असलंस तर विसरून जा. असा प्रयोग झाल्यावर माणूस काय वाटेल ते लिहितं, मला जरा तापही होता. ते सगळं नाटकच होतं. तू बरोबर ओळखलंस. केसलरने आणि मी आधी ठरवलं होतं, केव्हा उठायचं, केव्हा काय बोलायचं. शाळेच्या पायरीवरचं रडणं मी मुद्दाम वापरलं, आणि ते तेवढं तुलाच ओळखता आलं.

आणि तो टाळ्या वाजवणारा माणूस निर्दय होता असं मी लिहिलं, तेही खोटं. मला त्या टाळ्यांनी फार बरं वाटलं होतं. खरंच.

तू उठली नाहीस तेच बरं झालं. सगळा खेळ बिघडला असता. हातांना लोणी लाव, लाली जाईल.

मी आता थोडी विश्रांती घेणार आहे. डॉक्टरांनी नवीन काहीतरी दिलंय, झोपेसाठी. मध्ये काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. तू खूप चांगली आहेस. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं, आपल्याकडे म्हणत नाहीत ना.

तुझी पिप

*

तुझ्या दाराबाहेर, पायरीवर
शनिवार, दुपार

पिप,

हा कागद दाराखालून सरकवतेय. बऱ्याच वेळापासून दार वाजवतेय. तुमच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी व्हायोलिनवर एकच सूर धरून बसलाय, मी आल्यापासून तो सूर बदललेला नाही. त्यात तुला माझ्या हाका ऐकू जात नसतील आणि मला तुझं उत्तर. म्हणून लिहिते.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि तिथेच खाली बसले. माझ्या हातांकडे बघवेना. विन्थ्रॉपला फोन केला. म्हटलं, "पिप घरी येणार. माझ्याकडे. इस्पितळात नाही. आणि तुला ते चालत नसेल तर आम्ही दोघी दुसरं घर बघू." तो म्हणाला, "गसी, आवाज चढवू नकोस." मी चढवला, पिप. टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईंनाही ऐकू गेला असणार, आता गावभर झालं असेल. झालं तर झालं.

मग तुझं दुसरं पत्र आलं. तू फार वाईट खोटं बोलतेस. ते पत्र इतकं गोड होतं की मी ते वाचता वाचताच पेटीत कपडे भरायला घेतले.

खाली केसलर भेटला. हात खिशात. म्हणाला, "ती दोन दिवस वर आहे, बाहेर आलेली नाही. काहीतरी नवीन करतेय. तिला कुणी त्रास देऊ नये." कॅमेरा जिन्यात आणून तुझ्या दाराकडे तोंड करून ठेवलाय. तो चालू आहे की नाही मला समजत नाही. मी त्याच्यावर माझा कोट टाकलाय.

तू माझ्यावर रागावली असशील. तो तुझा हक्क आहे. मी समोर होते, तू मला हाक मारत होतीस, आणि मी टाळ्या वाजवल्या. याहून मोठा अपराध माझ्या हातून झाला नाही. लोक काय म्हणतील याचा विचार केला आणि तुला तिथे पडू दिलं. माफी मागायला शब्द नाहीत, तरी मागते.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तुला बळजबरी नको, इस्पितळात फार झाली तुझ्यावर. तुला वाटेल तेव्हा उघड. मी इथेच पायरीवर बसले आहे. संध्याकाळपर्यंत बसेन, उद्याही बसेन. तू 'ये' म्हटल्याशिवाय मी आत येणार नाही.

गसी आत्या

*

(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

आत्या,

तुझ्या सगळ्या हाका ऐकल्या. ओ देतेय, आवाज फुटत नाही. मी दारापाशीच खाली पडलेय, उठवत नाहीये.

कडी लावलेली नाही. दार नुसतं लोटलंय, परवापासून. कुणीतरी येईल म्हणून.

वाट बघू नकोस गं. ढकल.